फोटोतलं विमान ओळखताना



बांधीत रोवणी चालू असताना डोक्यावरून बारकं विमान घरघरत गेलं, तरी आपल्या गोंदियात आता कुणी मान वर करत नाही. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज तिथं मुलं-मुली विमान चालवायला शिकतात.

मार्च 2023 मध्ये बिरसीहून निघालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. अशी बातमी आली की मोबाईलवर फोटो फिरू लागतात, आणि फोटो भलत्याच विमानाचा असू शकतो. जिची लेक वसतिगृहात राहून विमान शिकते, त्या आईच्या हाती तो पडला तर? म्हणून फोटो नीट पाहायला शिकूया.

आधी पंख बघा. बिरसीच्या डीए-40 विमानाचे पंख बसायच्या जागेच्या खाली असतात, नाकावर एकच पंखा असतो आणि शेपटीवर इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी पट्टी असते. त्याचंच मोठं भावंड डीए-42. त्याला दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. दोन्ही ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीची. सेसना 172 चे पंख मात्र छपरावर असतात आणि त्यांना खालून तिरके टेकू असतात.

एखाद्या घरच्या जुन्या अल्बममध्ये छपरावर पंख असलेलं, कापडानं मढवलेलं दोन जणांचं विमान दिसलं, तर ते ‘पुष्पक’ असू शकतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं हे विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांना मिळालं. आता ते क्वचितच दिसतं.

हेलिकॉप्टरची वरची पाती मोजा. चेतकला तीन, ध्रुवला चार, हवाई दलाच्या मोठ्या एमआय-17 ला पाच. शेपटीचा पंखा गोल कड्यात बसवलेला असेल, तर ते डॉफिनसारखं वेगळ्या घडणीचं.

आता दोन फसव्या गोष्टी. कॅमेरा झटकन टिपतो, म्हणून फिरता पंखाही फोटोत थांबलेला दिसतो. इंजिन बंद पडलं असं त्यावरून ठरत नाही. आणि डीए-40 ची चाकं कधी आत जातच नाहीत. ती खाली लोंबताना दिसली म्हणून ‘चाकं अडकली’ असं म्हणू नका. डीए-42 ची चाकं मात्र आत जातात.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे अक्षरं. भारतातल्या नागरी विमानावर आणि हेलिकॉप्टरवर ‘व्हीटी’ आणि त्यापुढे तीन इंग्रजी अक्षरं असतात. गाडीच्या नंबरासारखीच ती, एका विमानाची दुसऱ्याला नसतात. लष्करी विमानांवर व्हीटी नसतं, आकडे असतात. बातमीतली अक्षरं आणि फोटोतली अक्षरं जुळली नाहीत, तर ते विमान वेगळंच.

अक्षरं दिसतच नसतील तर? रूपावरून विमानाची जात कळेल, पण नेमकं तेच विमान आहे हे कळणार नाही. मग तो फोटो पुढं पाठवायचा नाही. घरातल्या पोरासोरांनाही हे सांगा. कुणाच्या तरी घरी त्या वेळी फोनची वाट बघत कुणी बसलेलं असतं.