टिचकीची मजुरी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण गेटसभेत झाले. पण काम कोणाचे आणि हजेरी कोण घेतो, एवढे आम्हांला कळते.

गूगलवर आपण शोधता, यादी येते, एकीवर टिचकी मारता. वाटते, संबंध संपला. तसे नाही. आपण त्या पानावर रमलात की लगेच परतून दुसरी वाट धरलीत, तेही पाहिले जाते. अमेरिकन सरकारने २०२० साली गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. २०२३ च्या सुनावणीत कंपनीच्याच पांडू नायक यांनी साक्ष दिली, की 'नॅव्हबूस्ट' ही यंत्रणा तेरा महिन्यांच्या टिचक्यांवरून उत्तरांचा क्रम लावण्यास मदत करते. पूर्वी अठरा महिन्यांच्या असत. म्हणजे बरेवाईट निवडण्याचे काम आपले, आणि तेही बिनपगारी! गिरणीत घड्याळ घेऊन मागे उभा राहणारा निदान दिसत तरी होता.

५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी या नोंदींपैकी काही प्रतिस्पर्धी कंपन्यांना देण्याचा आदेश दिला. कंपन्यांना, बरे का! टिचकी मारणाऱ्याचे नाव त्या वाटणीत नाही.