वंशावळीत न लिहिलेली नावे

(संघाच्या मुलुंड येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, ज्येष्ठांचा सत्कार व्हावा आणि पंगत बसावी, अशी आपली रीत आहे. अशा प्रसंगी आम्ही स्तनाच्या कर्करोगावर बोलणार हे कळताच कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी, "विषय थोडा सौम्य करता येईल का?" असे सुचविले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु हा विषय सौम्य करण्याचे काम आपण आजवर पुष्कळ केले आहे, आणि त्यात आमचाही वाटा लहान नाही.

१९८६ साली आमच्या आत्या वारल्या. वय अवघे ४४. चार वर्षे त्यांना हा आजार होता. उपचारांसाठी त्या माहेरी, मुलुंडला, आमच्याकडेच राहिल्या होत्या. धिम्या लोकलने आम्ही त्यांना परळला टाटा रुग्णालयात नेत असू, आणि शेजाऱ्यांनी विचारले तर "दादरला खरेदीस जातो" असे सांगत असू. घरात दोन चुलत बहिणी उपवर होत्या, एवढे कारण त्या काळी पुरेसे होते. निधनाची वार्ता संघाच्या वार्षिकासाठी आम्हीच लिहून दिली. तीत शब्द होते: ‘अल्पशा आजाराने’.

पुढे थोरल्या बंधूंचे लग्न झाले. वहिनी घरात आल्या तेव्हा आत्यांविषयी त्यांना "पोटाचे दुखणे होते" असे सांगण्यात आले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कन्येस, वयाच्या ३५ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग निघाला. "घराण्यात कोणास होता काय?" असे डॉक्टरांनी विचारले. वहिनींनी आपले माहेर डोळ्यांसमोर आणून, "कोणासही नाही," असे प्रांजळपणे सांगितले. आम्ही शेजारीच बसलो होतो. सदतीस वर्षे गिळून ठेवलेले वाक्य त्या खोलीत बोलावयास आम्हांस किती जड गेले, ते येथे सांगत नाही. बोललो, इतकेच.

त्या उत्तराने पुढचा मार्गच बदलला. शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींचा आजार वंशपरंपरेने आलेल्या दोषातून उद्भवतो; बाकीच्यांचा तसा नसतो, हे आधी ध्यानी घ्यावे, उगाच घाबरू नये. १९९० साली मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने असे एक जनुक सतराव्या रंगसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये ते हाती लागले आणि पुढील वर्षी दुसरे सापडले. त्यांस बीआरसीए-१ व बीआरसीए-२ म्हणतात. पेशीतील जनुकद्रव्याचा धागा तुटला तर तो नीट सांधावा, हे या जनुकांचे काम. ती सदोष असली की डागडुजी चुकते आणि चुका साचत जातात. बीआरसीए-१ सदोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना, आणि बीआरसीए-२ सदोष असलेल्या शंभरांतील सुमारे ६९ जणींना, ऐंशी वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग होतो, असा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा हिशेब आहे. बीजकोशाच्या कर्करोगाचे आकडे अनुक्रमे ४४ व १७.

आता आमच्या वहिनींची जी चूक झाली, ती बहुतेकांची होते. हा बायकांचा आजार, म्हणून तो आईकडूनच येणार, अशी समजूत असते. वास्तविक हा दोष पित्याकडूनही तितकाच येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. पुरुष स्वतः निरोगी राहूनही तो पुढे देतो. आत्यांचा आजार आमच्या वडिलांच्या, बंधूंच्या द्वारे पुतणीपर्यंत आला आणि मधल्या दोन पुरुषांना त्याची वार्ताही नव्हती.

आपल्याकडे कुलवृत्तान्त छापण्याची मोठी हौस आहे. आमच्या कपाटातही एक आहे. मूळ गाव, कुलदैवत, वतने, पुत्रपौत्र, सारे त्यात नीट आहे. आत्यांचे नाव एका ओळीत येते, सासरच्या आडनावासह, आणि त्यांची शाखा तेथेच संपते. डॉक्टरांना हवी होती ती नेमकी गाळलेली माणसे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ सालीच आपल्या पत्नीच्या घराण्यातील कर्करोगाने गेलेल्या स्त्रियांची पिढ्यांवार नोंद प्रसिद्ध केली होती. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता; त्याने लेकीसुनांची नावे लिहिली, एवढेच.

आपापसांतच सोयरीक करणाऱ्या समाजात एखादा जुना दोष टिकून राहतो, हेही येथे बोलले पाहिजे. अश्केनाझी ज्यू लोकांत सुमारे चाळिसांत एकाकडे या जनुकांतील ठरावीक तीन दोषांपैकी एक आढळतो. त्यांनी ते लपविले नाही. तपासणीची सोय केली.

कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. दोष असलेल्या स्त्रीची तपासणी तरुण वयातच, दरवर्षी, अधिक बारकाईने होते. इच्छा असल्यास शस्त्रक्रियेने धोका पुष्कळच कमी करता येतो. आणि ज्या बहिणीत दोष निघत नाही, तिच्या मनावरचा तेवढा भार उतरतो. टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र आनुवंशिकी विभाग आहे. आधी समुपदेशन, मग रक्त. आणि शक्यतो प्रथम आजारी व्यक्तीचे. दोष नसलेल्या भगिनींनीही निश्चिंत बसू नये. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांवर टाटाने जो प्रयोग केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

पुतणीच्या रक्तात बीआरसीए-१ चा दोष निघाला. मग आम्हीही रक्त दिले. आमच्यातही तो आहे. आमची कन्या २७ वर्षांची, अविवाहित. अहवाल आम्ही तिच्या हाती दिला. तिने तपासणी केली किंवा नाही, हे आम्ही विचारलेले नाही. सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल.

संघाने कुटुंबपरिचय पुस्तिकेत आजारांचा रकाना घालावा, अशी एक सूचना आली आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्या पुस्तिकेवरून स्थळे पाहिली जातात, तीत हा रकाना आला की लोक पुन्हा ‘अल्पशा आजाराने’ लिहू लागतील. ही नोंद घराची आहे, घरातच राहावी. त्यासाठी या अंकाच्या शेवटी एक कोरे पान जोडले आहे. आई व वडील या दोन्ही बाजूंच्या आज्या, आत्या, मावश्या, बहिणी आणि पुरुषही. कोणास कोणता कर्करोग, कोणत्या वयात. पान भरून ते कपाटात ठेवावे आणि मुलांना त्याची जागा दाखवावी.

आमचे पान भरून झाले आहे. पहिली ओळ आत्यांची: आजार स्तनाचा कर्करोग, निदान ४० व्या वर्षी, आजारपण चार वर्षांचे.