समुद्रावरील वारा आणि किनाऱ्यावरील कायदा

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या दक्षिणेस, केप कॉड हें भूशिर आणि नॅन्टकेट बेट यांच्यामध्यें नॅन्टकेट साउंड नांवाचा उथळ समुद्र आहे. तेथें वारा मुबलक आणि पाणी थोडें. अशा ठिकाणीं १३० प्रचंड पवनचक्क्या उभारून ४६८ मेगावॅटपर्यंत वीज उत्पन्न करावी, अशी 'केप विंड' नांवाची योजना जिम गॉर्डन या उद्योजकानें पुढें मांडली.

पहिलाच प्रश्न निघाला तो असा कीं, परवानगी मागावयाची कोणाकडे? किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचा समुद्र संस्थानाचा, त्यापलीकडील मध्यवर्ती सरकारचा. चक्क्यांची जागा सरकारच्या हद्दींत. परंतु वीज किनाऱ्यावर आणणारी तार संस्थानाच्या हद्दींतून जाणार! त्यांतही श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, तेलाकरितां समुद्र पट्ट्यानें देण्याचा कायदा होता, वाऱ्याकरितां नव्हता. तेव्हां नौकानयनास अडथळा करणाऱ्या बांधकामांविषयींचा १८९९ सालचा कायदा लावून लष्कराच्या इंजिनियर खात्यानें तपासणी हातीं घेतली. होडीच्या धक्क्याचे नियम देवळाच्या कळसाला लावावे, तसाच हा प्रकार. २००५ सालीं नवा ऊर्जा-कायदा झाला, काम खनिजांचा कारभार पाहणाऱ्या खात्याकडे गेलें, आणि तपासणी पुन्हां आरंभापासून सुरू झाली.

विरोधकांत मातबर मंडळी होती. सीनेटर एडवर्ड केनेडी यांचें घर त्याच समुद्रकांठीं होतें. धनिकांना आपल्या सज्जांतून चक्क्या दिसूं नयेत, एवढेंच कारण असतें तर तें हंसण्यावारी नेतां आलें असतें. परंतु तेथील मूळ रहिवासी वाम्पनोआग लोक यांचें गाऱ्हाणें निराळें होतें. उगवत्या सूर्याचें निर्विघ्न दर्शन हा त्यांच्या धर्माचाराचा भाग. शिवाय आज जेथें पाणी आहे तेथें पूर्वीं कोरडी भूमि होती व तींत पूर्वज विसावले असावेत, अशी त्यांची श्रद्धा. जानेवारी २०१० मध्यें हा समुद्र ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीस पात्र ठरला. असें गाऱ्हाणें किती मेगावॅटच्या तागडींत घालावयाचें, हें कोणताही अधिकारी सुखानें सांगूं शकणार नाहीं.

एप्रिल २०१० मध्यें मंत्री केन सालाझार यांनीं मान्यता दिली. मग खटले. विमानांस धोका नाहीं हा सरकारी निर्णय २०११ सालीं अपील कोर्टानें रद्द केला. तो नव्यानें द्यावा लागला. विरोधक बहुतेक फिर्यादी हरलेच. परंतु कज्जांत अडकलेल्या कामाला कर्ज देतांना सावकार हात आंखडता घेतो. वीज विकत घेण्याचे करार दोन कंपन्यांशीं झाले होते, आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भांडवल उभें राहिलें पाहिजे, अशी त्यांत अट होती. मुदत टळली. पुढच्याच महिन्यांत दोन्ही कंपन्यांनीं करार मोडले. डिसेंबर २०१७ मध्यें योजना सोडून देण्यांत आली. एकही चक्की उभी राहिली नाहीं.

शेजारच्या ऱ्होड आयलंड संस्थानानें वाट निराळी धरली. मच्छीमारांचें पाणी कोणतें, जहाजांचें कोणतें, याचा आराखडा त्यानें आधीं केला आणि मग ब्लॉक बेटाजवळ पांच चक्क्यांना जागा दिली. डिसेंबर २०१६ मध्यें त्या चालू झाल्या. त्यांची शक्ति अवघी ३० मेगावॅट. परंतु अमेरिकेच्या समुद्रावर व्यापारी प्रमाणावर पहिली पवन-वीज निघाली ती तेथेंच.