धुऱ्याच्या आतलं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण काय काम करतो ते सगळ्यांना समजेल असं दहा मिनिटांत सांगा, असा संयोजकांचा हुकूम आहे. आपल्यातल्या डॉक्टरांचं बरं आहे, कास्तकारांचं त्याहून बरं. त्यांचं काम दिसतं. माझं दिसत नाही. म्हणून अख्ख्या नोकरीऐवजी तिच्यातली एकच गोष्ट सांगते. इंजिनिअरिंगला ती कोणी शिकवली नव्हती, पण लागते रोज.

कॉम्प्युटरवर कोणताही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते. तिच्यावर नावं आणि किमती असतात: डेटाबेस कोणता, भाषा कोणती, लागणारे इतर प्रोग्रॅम कुठे शोधायचे. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. युनिक्समध्ये ही पद्धत १९७९ पासून आहे. एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला की त्याला या चिठ्ठीची नक्कल मिळते. त्याने आपल्या नकलेत काही खोडलं तरी मूळ चिठ्ठी तशीच राहते.

चिठ्ठी बदलली की तोच प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतो. लिनक्सवर नावांची यादी लावायला सांगा. भाषेच्या जागी नुसतं ‘सी’ असेल तर अक्षरं युनिकोडमधल्या क्रमांकाप्रमाणे लागतात. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, म्हणून काळे आधी आणि कावळे नंतर. आपण इथे पाठ केलेल्या वर्णमालेत मात्र ळ बसतो ह च्या मागे. मराठीचे नियम लावले की कावळे आधी, काळे नंतर. प्रोग्रॅम तोच, नावं तीच. ॲ ची तर आणखी गंमत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली ह च्याही पुढे. त्यामुळे ‘सी’च्या यादीत ॲ ने सुरू होणारी नावं सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसतात.

आता माझं हत्यार. मी ईमॅक्स नावाच्या एडिटरमध्ये लिहिते. त्याचा पहिला अवतार १९७६ चा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठा. आजचा ग्नू ईमॅक्स १९८५ पासूनचा. लिस्प भाषेत लिहून त्याला हवा तसा वळवता येतो. सोमवारी उघडला की तो आठवडाभर बंद होत नाही, आणि सगळे प्रकल्प त्याच एका खिडकीत चालतात.

अडचण इथेच आहे. ईमॅक्स एक, म्हणून चिठ्ठीही एक. माझ्या दोन प्रकल्पांत डेटाबेसच्या व्हेरिएबलचं नाव सारखंच आहे. एकात त्याची किंमत चाचणीच्या डेटाबेसकडे बोट दाखवते, दुसऱ्यात खऱ्या रुग्णांच्या औषधांच्या नोंदींकडे. आणि चाचण्या सुरू होताना आधी तक्ते रिकामे करतात. ती रीतच आहे. चुकीची चिठ्ठी हातात असताना चाचणी चालली तर काय होईल ते गणिताच्या सरांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे एका वावरात पऱ्हाटी असते, शेजारच्यात सोयाबीन. पऱ्हाटीचं तणनाशक धुऱ्याच्या पलीकडे गेलं तर सोयाबीन जळते. मला ईमॅक्समध्ये असाच धुरा हवा होता.

तो घालता येतो. २००९ च्या ईमॅक्स २३ पासून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘डॉट डिर-लोकल्स डॉट ईएल’ नावाची फाइल ठेवता येते. तिच्यातल्या किमती त्या फोल्डरमधल्या फायलींपुरत्याच लागू होतात. ईमॅक्सची चिठ्ठी ‘प्रोसेस-एन्व्हायर्नमेंट’ नावाच्या यादीत असते. तिथे अख्खी नवी यादी लिहून टाकली तर जुन्या सगळ्या किमती उडतात आणि साधे प्रोग्रॅमही सापडत नाहीत. त्यापेक्षा नवी ओळ यादीच्या डोक्यावर ठेवायची. एकच नाव दोनदा असेल तर ईमॅक्स पहिली ओळ धरतो.

एवढ्यावर भागत नाही बरं का. प्रोग्रॅम कुठे शोधायचा हे ईमॅक्स चिठ्ठीतल्या ‘पाथ’वरून ठरवत नाही, स्वतःच्या ‘एक्झेक-पाथ’वरून ठरवतो. म्हणून दोन्ही बदलावे लागतात. दुसरं म्हणजे, ईमॅक्स कधी कधी मधल्या कामासाठी एक तात्पुरता बफर उघडतो. तो धुऱ्याबाहेर असतो, म्हणून तिथून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला जुनी, सार्वत्रिक चिठ्ठी मिळते. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं आणि उत्तर चुकीचं येतं. नवीन मुलं इथे दोन-दोन दिवस अडकतात.

बरेच जण आता ‘डिरेन्व्ह’ वापरतात, मीही वापरते. फोल्डरमध्ये शिरलं की तो त्या प्रकल्पाची चिठ्ठी वाचतो, बाहेर पडलं की पुसतो. त्याला ईमॅक्सशी जोडणारी पॅकेजं दोन तऱ्हेची आहेत. एक तऱ्हा, फाइल बदलली की सबंध ईमॅक्सची चिठ्ठी बदलते. दुसरी प्रत्येक बफरला त्याची वेगळी चिठ्ठी देते. माझं मत दुसरीच्या बाजूने आहे. पहिलीत एका प्रकल्पाचं काम मागे चालू असताना तुम्ही दुसऱ्या फायलीवर गेलात, तर पहिल्याचा पुढचा प्रोग्रॅम दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन निघतो.

डिरेन्व्हची एक सवय मला फार आवडते. नवी चिठ्ठी दिसली की तो आपणहून पाळत नाही, आधी परवानगी मागतो. एक अक्षर बदललं तरी पुन्हा मागतो. कारण ती फाइल म्हणजे चालवण्याचा मजकूर असतो, आणि दुसऱ्याकडून आलेल्या फोल्डरमध्ये काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कळत नाही. ईमॅक्सही अनोळखी किमतींबद्दल विचारतो. बहुतेक लोक कंटाळून ‘हो’ दाबतात. मी आमच्या टीममधल्या मुलांना तिथे थांबून ती फाइल मोठ्याने वाचायला लावते. ती हसतात, पण वाचतात. आणि पासवर्ड असलेली चिठ्ठी गिटमध्ये जाऊ द्यायची नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगते.

तुमच्यापैकी कोणाची मुलं या धंद्यात असतील आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ म्हणत असतील, तर त्यांना विचारा, चिठ्ठी कोणती होती? जेवणाच्या पंगतीत माझ्याशेजारी बसलात तर लॅपटॉपवर करूनही दाखवते. कावळे आणि काळे दोघंही आज इथे आहेत, तेव्हा यादी कोणत्या नियमाने लावायची ते त्यांनीच ठरवावं.