पुंगळी ओढणारा आकडा

रायफल मुकी होते ती नेहमी मोठ्या बिघाडाने नव्हे. १९०७ सालची जुनी ‘ली-एन्फील्ड’ घ्या. ही रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही घडत असे. बोल्टच्या डोक्यातील इवलासा पोलादी आकडा काडतुसाची कड धरून झडलेली पुंगळी मागे ओढतो. तो मोडला, की पुंगळी आतच अडकते. शस्त्रदुरुस्तीचा जाणता कारागीर प्रथम नळी रिकामी असल्याची खात्री करतो. मग डोके उतरवून, बारीक स्क्रू सोडवून आकडा बदलतो व स्प्रिंग तपासतो. डोके मात्र त्याच रायफलीचे परत चढवतो. काडतुसामागची जागा त्यावरच ठरते. ती वाढल्यास पुंगळी फाटून नेम धरणाऱ्यालाच इजा होईल. अखेरची परीक्षाही तो दारू नसलेल्या काडतुसानेच घेतो.