चालक की वाहक?

पाळीसारख्या गावात साहित्याच्या मंचावरून मूत्रपिंडावर बोलायचं, याचं काहींना नवल वाटेल. पण शास्त्र मराठीत सांगताना खरी अडचण शब्दांपाशी येते, आणि ती या विषयात पदोपदी येते.

'मोटर प्रोटीन'ला काय म्हणावं? एसटीत चालक वेगळा आणि वाहक वेगळा. पेशीतलं कायनेसिन हे प्रथिन दोन्ही कामं एकट्यानं करतं. सूक्ष्म नलिकांवरून पावलं टाकत माल नेतं. इथल्या माणसाला खनिजाचे ट्रक आठवतील. मायोसिनला मात्र ट्रक लागू पडत नाही. ते दोर ओढतं, ताणून धरतं, रापण ओढणाऱ्यांसारखं. मी 'चालक प्रथिन' म्हणतो. कुणाला बरा शब्द सुचला तर आनंदानं घेईन.

आता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा. मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या गुच्छांवर पोडोसाइट पेशी अशाच बसलेल्या असतात. बोटांमधल्या फटींतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. दीड-दोन लिटर सोडून बाकीचा शरीर परत घेतं. रक्तातली प्रथिनं मात्र अलीकडेच अडायला हवीत. रक्ताच्या दाबापुढे ही बोटं टिकतात ती आतल्या अॅक्टिनच्या दोरांवर, आणि हे दोर पेशीच्या पडद्याशी बांधून ठेवणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायोसिन 1ई. ते बिघडलं की बोटं चपटी होतात, प्रथिनं लघवीत उतरतात. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात.

2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा काही मुलांची नोंद आली. या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्यांना आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. आईवडील स्वतः निरोगी. म्हणजे 'गरोदरपणी काय खाल्लंस?' असं सुनेला विचारण्यात काही अर्थ नाही. (काणकोणच्या मूत्रपिंडविकाराशी याचा संबंध कुणी जोडू नये; तो प्रश्न वेगळा आहे.)

मुलांमधली अशी सूज बहुतेकदा स्टेरॉइडनं उतरते. जनुकीय प्रकार सहसा दाद देत नाही, म्हणून तो वेळीच ओळखावा लागतो. वर्गात एखादं मूल रोज सुजलेल्या डोळ्यांनी येत असेल, तर शिक्षकांनो, 'रात्री जागलास काय?' एवढंच विचारून सोडू नका. पालकांना बोलावून लघवी तपासायला सांगा. पट्टी बुडवायची, रंग पाहायचा. दोन मिनिटांचं काम आहे.