मोजली न गेलेली वर्षे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. पानावर तारीख नसेल तर ते वही न तपासताच परत करीत. त्या शिस्तीचे मोल मला फार उशिरा, स्वतःच्या एका चुकीमुळे कळले. आज त्याविषयी बोलणार आहे.

१९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर तिकडे गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे येथून एम.ए., पीएच.डी. होणाऱ्या मुलामुलींना सीमेच्या दोन्ही बाजूंची दारे ठोठावावी लागतात. इकडे त्यांना 'अतिथी विद्वान' म्हणतात, तिकडे 'तासिका तत्त्वावरील' अध्यापक. इकडे मानधन कामाच्या दिवसावर, तिकडे तासावर. कायम प्राध्यापक रुजू झाला की अतिथीने जागा सोडायची, त्याला इकडे 'फॉलन आउट' म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये अशीच मंडळी भोपाळच्या शाहजहानी पार्कात धरणे धरून बसली होती.

पदोन्नती हा शब्द या अध्यापकांच्या वाट्याला येत नाही. मग त्यांनी तयारी करावी ती कशाची? उद्या कायम झालोच, तर आजची वर्षे मोजली जावीत याची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत मागील सेवेच्या गणनेचे एक कलम आहे. सेवा हंगामी असो वा कंत्राटी, तिला कोणतेही नाव असो, ती थेट भरतीसाठी व पदोन्नतीसाठी मोजावी, असे ते म्हणते. मात्र अटी आहेत. पात्रता त्या पदाच्या पात्रतेहून कमी नसावी. नियुक्ती रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली असावी. आणि एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे.

या तिसऱ्या अटीपाशी सारे अडते. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये भोपाळला अतिथी विद्वानांसाठी जी घोषणा झाली, ती महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंतच्या मानधनाची. म्हणजे कमी मानधनाने माणसाचे पोट तर मारले जातेच, शिवाय त्याची वर्षेही पुसली जातात. संत्र्याच्या कलमाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. ती बिनफळाची वर्षेही आपला बागाईतदार झाडाच्या वयात धरतो. अध्यापकाच्या बाबतीत मात्र आपण तेवढा हिशेबही ठेवीत नाही.

मी स्वतः १९७८ ते १९८१ हंगामी अधिव्याख्याता होतो. जुलैत नेमणूक, एप्रिलअखेर सेवाखंड. पुढे १९८६ च्या वेतनश्रेणीनुसार आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी मिळू लागली, तेव्हा ती तीन वर्षे कोणी धरली नाहीत. तरीही मी शहाणा झालो नाही, याची खंत आहे.

मी विभागप्रमुख असताना आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या एक बाई अनुभवाचा दाखला मागायला आल्या. सहा वर्षे त्यांनी आमचे अर्धे वर्ग सांभाळले होते. मी घाईत दोन ओळी लिहून दिल्या : 'यांचे काम समाधानकारक आहे.' तारखा नाहीत, वर्ग नाहीत, तासांचा आकडा नाही, निवड समितीचा उल्लेख नाही. मुलाखतीत तो कागद बाजूला ठेवण्यात आला. बाईंनी मला बोल लावला नाही. "सर, तारखा असत्या तर बरे झाले असते," एवढेच त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला गुरुजींनी न तपासता परत केलेली वही आठवली.

म्हणून समोर बसलेल्या तरुण अध्यापकांना माझे सांगणे आहे की, नियुक्तिपत्र, निवड समितीच्या शिफारशीची प्रत, मानधनाच्या नोंदी असलेले बँकेचे पासबुक आणि दर सत्राचे वेळापत्रक वर्षवार जपून ठेवा. दाखला वर्ष संपताच घ्या. प्राचार्य बदलतात, कारकून बदलतात. शोधनिबंध लिहीत राहा. कायम झाल्यावर पीएच.डी.धारकाला पहिल्या पदोन्नतीसाठी चार वर्षांची सेवा लागते, शिवाय एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्गही. त्याची माहिती आधीच असू द्या.

पण हे ओझे एकट्या त्यांच्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. या सभागृहात प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत, माझ्यासारखे निवृत्तिवेतन घेणारेही आहेत. मानधन वाढविणे कदाचित आपल्या हाती नसेल. परंतु निवड रीतसर करणे, तिची नोंद ठेवणे आणि दाखल्यावर तारीख घालणे याला शासनाचा एक पैसाही लागत नाही. तेवढे जरी आपण केले, तरी उद्या नियम उदार झाले तेव्हा या मुलांच्या हाती दाखवायला काही असेल.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करतो.